चारपैकी चार

त्या सकाळी टेबलावर एक सूक्ष्मदर्शक होता, दोन चिमटे होते, आणि मुठीएवढी तांब्याची एक डबी होती. डबीच्या चार बाजूंना चार सोनेरी कनेक्टर, त्या चारांवर चार पितळी टोप्या. डबीच्या पोटात नखाएवढी एक चिप. चिपवर सोळा तारा होत्या, त्यांतल्या चार कनेक्टरांना जोडलेल्या, बारा मोकळ्या. भिंतीवरच्या यंत्रात तापमान तेवीस अंश, आर्द्रता एकवीस टक्के. खोलीत आम्ही तीन माणसं होतो.

"मॅडमनी बोलावलंय," निलयदादा हातमोजे काढत म्हणाला. "तू टोप्या काढ, केबली लाव, झाकण बंद कर. मी आलोच."

तो गेला आणि आम्ही दोघं उरलो. उईके काका माझ्याकडे पाठ करून पंपाचा नट आवळत होते.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत मी प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले होते, त्याला आठ महिने झाले होते. निलय वैरागडे माझा सीनियर, पीएचडीच्या सहाव्या वर्षाला. डॉ. खानझोडे मॅडम आमच्या दोघांच्या गाइड. आणि उईके काका शीतयंत्राचे तंत्रज्ञ. ते यंत्र त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नसे.

काकांनी आम्हाला पहिल्या दिवशी एक नियम पाठ करायला लावला होता: आधी भुई, मग टोपी. कनेक्टरवर पितळी टोपी असते तोवर तारेची दोन्ही टोकं आपसात जोडलेली राहतात, आणि बाहेरची वीज तारेतून जायचं कारण उरत नाही. टोपी काढली की तार उघडी पडते. म्हणून आधी मनगटावर पट्टा बांधायचा. पट्ट्याची वायर भुईला, म्हणजे जमिनीत गाडलेल्या तांब्याच्या पत्र्याला जाते, आणि आपल्या अंगावर साठलेली वीज तिथं उतरते. त्यानंतरच टोपीला हात लावायचा. दुसरा नियम, त्या टेबलावर सुती कपडे.

त्या दुपारी माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. मी जॉर्जेटचा ड्रेस घालून आले होते, वर सुती एप्रन. तेवढं चालेल असं मीच ठरवलं होतं. पट्टा बांधला, पण ओढणी एप्रनमधून सुटून पुढं यायला लागली. पट्टा काढला, ओढणी मागं खोचली, आणि हात सरळ टोपीकडे गेला.

पहिली टोपी फिरवून काढली. बोट कनेक्टरच्या मधल्या सुईला लागलं.

टाचणी टोचावी तसं टोचलं. आवाजही झाला, अगदी बारीक.

मी बोट मागं घेऊन उभी राहिले. काकांची पाठ तशीच होती. मी पट्टा बांधला, पहिली केबल लावली. उरलेल्या तीन टोप्या नियमानं काढल्या, तीन केबली लावल्या, झाकण बंद केलं. निलयदादा परत आला तेव्हा मी स्क्रू मोजत होते.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

चिपवरच्या तारा दिसत नसत. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा प्रत्येक तारेच्या जागी एक करडा चौकोन दिसायचा, कारण तार नागमोडी घड्या घालून त्या चौकोनात बसवलेली असे. जाडी सहा नॅनोमीटर, रुंदी शंभर. निलयदादा म्हणायचा, केसाच्या रुंदीत अशा सातशे मावतील, पण कोणी बसवायला सांगू नये. धातूचा पापुद्रा काचेसारख्या गुळगुळीत चकतीवर चढवायचा आणि त्यातून ही तार कोरायची. मग ती उणे दोनशे सत्तर अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातून वीज विनाविरोध वाहते. मात्र त्याला मर्यादा असते. त्या मर्यादेच्या अगदी काठावर प्रवाह ठेवला, आणि तारेवर प्रकाशाचा एकच कण पडला, तरी तेवढ्या जागी विरोध उभा राहतो आणि बाहेर ठिणगीसारखा सिग्नल मिळतो. एक कण, एक सिग्नल. आमचं सगळं काम त्या काठावर उभं होतं.

अडचण अशी की तार सगळीकडे सारखी नसते. पापुद्र्यात कुठं एखादा दाणा मोठा असतो, कुठं कड खडबडीत राहते, कुठं जाडी सहाची पाच होते. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेत एकच जागा अरुंद असली तरी मर्यादा तीच जागा ठरवते. प्रवाह वाढवला की ती आधी मोडते, म्हणून प्रवाह कमी ठेवावा लागतो. मग बाकीची सगळी तार काठापासून लांब राहते, आणि प्रकाश पडला तरी तिला कळत नाही.

चांगल्या तारेची मर्यादा अठरा मायक्रोअँपिअरच्या आसपास यायला हवी होती. निलयदादाला अशी एक तार हवी होती. एकच. विद्यापीठानं त्याला दिलेली शेवटची मुदतवाढ एकतीस मार्चला संपत होती, आणि चालणाऱ्या एका डिटेक्टरशिवाय मॅडम प्रबंधावर सही करणार नव्हत्या. ही चिप बिघडली तर दुसरी करण्याची सोय नव्हती. ज्या नायोबियम धातूच्या चकतीतून पापुद्रा निघतो ती जानेवारीत तडकली होती, नवी यायला ऑगस्ट उजाडणार होता. तडकायच्या आधी तिनं जो शेवटचा पापुद्रा दिला, त्यातलीच ही चिप.

तो मार्चचा दुसरा सोमवार होता.

डबी शीतयंत्रात गेली. ते थंड व्हायला एकतीस तास लागत. मंगळवार मी काहीच न करता घालवला. साखरपुड्याचे फोटो येत होते, त्यांत मी हसताना दिसत होते. बुधवारी सकाळी आम्ही चौघं त्या यंत्रासमोर बसलो. निलयदादा प्रवाह हळूहळू वाढवत होता, मी वही घेऊन होते. पडद्यावरची रेघ शून्यावर सपाट चालत राहायची, आणि मर्यादा आली की एकदम वर उडायची.

पहिली तार पाच पूर्णांक दोनला उडाली.

निलयदादानं प्रवाह शून्यावर आणून पुन्हा वाढवला. पाच पूर्णांक दोन. मग दुसरी, सहा पूर्णांक आठ. तिसरी, चार पूर्णांक चार. चौथी, सात पूर्णांक एक.

उईके काका उठून पंपाकडे गेले. तिकडे पाहण्यासारखं काही नव्हतं.

मॅडमनी आणखी एक चाचणी करायला सांगितली. तारेत एक बारीक सिग्नल सोडून, प्रवाहामुळं ती एकूण किती ताणली गेलीय हे पाहता येतं. तार सगळीकडे सारखीच कमजोर असेल तर ती मर्यादेपाशी सगळीच ताणलेली दिसते. चारही तारांचं उत्तर सारखं आलं: तार जवळजवळ सगळी निवांत होती, आणि कुठल्यातरी एखाद्याच जागी तिचा जीव कंठाशी आला होता.

"अरुंद जागा," मॅडम म्हणाल्या. "चारपैकी चार. निलय, पापुद्राच असमान आहे."

"हो, मॅडम."

"तू चढवताना यंत्रातला नायट्रोजनचा दाब हलला होता का?"

"थोडा हलला होता, मॅडम. मी वहीत लिहिलंय."

त्यानं ते इतक्या सरळ सांगितलं की मला त्याच्याकडे पाहवेना. अरुंद जागा पापुद्र्यातल्या दोषानं होते. आणि आठ महिन्यांत मी जेवढं वाचलं होतं त्यावरून, स्थिर विजेच्या एका झटक्यानं तार वितळूनही होते. चाचणी अशी जागा आहे एवढंच सांगते. ती कशामुळं झाली ते सांगत नाही.

मॅडमनी ठरवलं ते बरोबरच होतं. सोळांतल्या चार सरळ उचलल्या आणि चारही वाईट निघाल्या, तर उरलेल्या बारा तपासण्यात आठवडा घालवायला अर्थ नाही. त्यापेक्षा चिप दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे पाठवायची. तिथं ती कापतात आणि पापुद्र्याची कड पाहतात. दाणे कसे बसलेत, जाडी कुठं घसरली, सगळं दिसतं. त्याचा निदान एक लेख होईल. शनिवारी कुरिअर जायचं ठरलं.

कापलेल्या चिपवरची तार पुन्हा मोजता येत नाही.

गुरुवारी निलयदादा जेवायला आला नाही. मी डबा तसाच ठेवून प्रयोगशाळेत गेले. कपाटात स्थिर वीज मोजायचा एक लहान मीटर असायचा. मी घरून एका पिशवीत तो जॉर्जेटचा ड्रेस आणला होता. एप्रनखाली तो घातला, सोमवारी बसले होते त्याच खुर्चीवर तेवढाच वेळ बसले, ओढणी तशीच मागं खोचली आणि मीटर स्वतःसमोर धरला.

एकोणतीसशे व्होल्ट. पुन्हा केलं, तेहतीसशे. तिसऱ्यांदा, एकतीसशे.

तीन हजारांच्या खाली माणसाला टोचलेलं जाणवत नाही, असं पुस्तकात होतं. मला जाणवलं होतं. शंभर नॅनोमीटरची तार मोडायला त्याचा शतांशही पुरला असता. मी आकडे एका कागदावर लिहिले, सरासरी काढली, आणि त्याच खुर्चीवर परत बसले.

"काय मोजून राहिली, बाई?"

उईके काका दारात होते. हातात चहाचा पेला.

मी म्हणाले, सहज, कुतूहल म्हणून.

त्यांनी मीटरकडे पाहिलं, माझ्या ओढणीकडे पाहिलं. आत आले, चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "मी काही पाह्यलं नाही, बरं का. माही पाठ होती."

"काय नाही पाहिलं, काका?"

"तेच तर म्हणून राहिलो. पाह्यलं नाही तर सांगू काय?" त्यांनी पेला खाली ठेवला. "पण आवाज आयकू येते मले. पस्तीस वर्षं पंपाजवळ बसलो तरी कान शाबूत हाय."

ते निघून गेले. त्यांनी मॅडमना सांगितलं नाही, निलयदादाला सांगितलं नाही, आणि मला पुन्हा विचारलंही नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

त्या दोन दिवसांत मी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं. की पापुद्रा असमान असेलच, दाब हलल्याचं तोच म्हणाला. की मी सांगितलं तर एप्रिलमध्ये माझ्या पीएचडी-प्रवेशाची मुलाखत मॅडम कशाला घेतील. की शनिवारी कुरिअर गेलं म्हणजे चिप कापली जाईल, आणि मग कोणालाच, मलाही, कधी कळणार नाही. हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा मला जे बरं वाटलं, ते मला आजही आठवतं.

पण आकडेमोड डोक्यातून जात नव्हती. मॅडमचं अनुमान एका गोष्टीवर उभं होतं: त्या चार तारा सोळांचा प्रामाणिक नमुना आहेत. त्या तशा नाहीत हे जगात एकट्या मला माहीत होतं. उरलेल्या बारांना डबीचा कनेक्टरच नव्हता. त्यांच्यापर्यंत झटका पोचायचा मार्गच नव्हता. त्या बारा धड असतील, तर सहा वर्षांचं काम मी कापायला पाठवत होते.

शनिवारी सकाळी साडेदहाला निलयदादा चिप पॅक करत होता. प्लास्टिकच्या डबीत, डबी फोमच्या खोबणीत. वर चिठ्ठी चिकटवायची होती.

"काय लिहू ग?" तो म्हणाला. "नाजूक वस्तू? आता कसली नाजूक. कापायलाच चालली."

मी म्हणाले, "दादा, चिकटवू नको."

"काहून?"

मी सांगितलं. ओढणीपासून सुरुवात केली, कारण टोपीपासून सुरुवात करवेना. पट्टा, टोपी, सुई, टोचलं. गुरुवारचे आकडे सांगितले. मग कागदच पुढं केला.

त्यानं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मी ओरडा ऐकायची तयारी करून उभी होते. तो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतोय. हात खाली आले तेव्हा तो हसत होता.

"म्हणजे बाकीच्या बारा," तो म्हणाला. "ऋजुता, बाकीच्या बारा."

"हो."

"तीन दिवस मी तो नायट्रोजनचा दाब धरून बसलोय. झोपेतपण तो काटा दिसून राहिला मला. आणि तू..." तो उठला. "तू लय मोठी चूक केली, अन् लय बरं केलं. चल मॅडमकडे."

तो पायऱ्या दोन दोन चढत होता. मी मागं. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की भीती जाईल. ती गेली नाही.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून माझ्यासमोर सरकवला.

"लिहून काढ," त्या म्हणाल्या. "दिनांक, वेळ, आर्द्रता, काय घातलं होतं, कशाला हात लागला, कोणत्या क्रमानं. मला माफीनामा नको."

मी लिहिलं. त्या वाचत होत्या तेव्हा निलयदादा खिडकीशी उभा राहून कुठल्या चार तारा आता जोडायच्या त्याचा विचार मोठ्यानं करत होता. मॅडम मध्येच थांबल्या.

"बोट सुईला लागलं तेव्हा बाकीच्या तीन टोप्या?"

"लावलेल्या होत्या."

"तीनही?"

"हो. त्या मी पट्टा बांधल्यावर काढल्या."

त्यांनी 'पहिली टोपी' या शब्दांभोवती पेन्सिलीनं एक गोल काढला. माझ्याकडे पाहिलं, मग निलयदादाच्या पाठीकडे.

तेव्हा मला दिसलं. चार दिवस मी एकाच दिशेनं हिशेब करत होते, भीतीनं दुसरीकडे पाहूच दिलं नव्हतं. झटका पहिल्या तारेला बसला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर टोप्या होत्या, त्यांची टोकं आपसात जोडलेली होती. झटका त्यांच्यापर्यंत जायला नको होता. आणि तरीही त्या तिन्ही सहा, चार, सात अशाच आल्या होत्या.

"निलय," मॅडम म्हणाल्या, "झटका एका कनेक्टरला बसलाय."

"हो मॅडम, पण चारही तारांची भुईची पट्टी एकच आहे ना. पट्टीच क्षणभर उसळली असेल. मागून गेला असेल झटका." तो वळला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी खाली पाहिलं. "असं होऊ शकतं. होऊ शकतं ना, मॅडम?"

मॅडमनी कागदावरचा गोल पुन्हा पाहिला.

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "एकदा थंड करून पाहू. कुरिअर थांबव."

तारा कुठल्या जोडायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं मॅडमनी सांगितलं, म्हणजे कोणाच्या मनातली आवडनिवड आड यायला नको. बारा चिठ्ठ्या मी केल्या, उईके काकांनी डोळे मिटून चार उचलल्या. सहा, आठ, अकरा, चौदा. काकांनी त्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, आता पट्टा दोन्ही हाताला बांध, बाई, एका हातानं भागत नाही तुझं. निलयदादा हसला.

दुपारभर त्यानं चार तारा जोडल्या. माझ्याहून सफाईनं काम करायचा तो. सोन्याची धाग्यासारखी तार चिमट्यानं टेकवायची, दाबायची, उचलायची. हात एकदाही हलला नाही. टोप्या त्यानं माझ्याकडूनच काढून घेतल्या. मी नको म्हणाले तर म्हणाला, आज नाही काढल्यास तर जन्मात नाही काढणार. मी सुती कपड्यांत होते, पट्टा बांधलेला होता, शेजारी मीटर ठेवलेला होता. मीटर अकरा व्होल्ट दाखवत होता. चारही टोप्या निघाल्या. काही टोचलं नाही.

पाच वाजता काकांनी यंत्र सुरू केलं. निलयदादानं तिथूनच आर्वीला, घरी, फोन लावला. मी केबली गुंडाळत होते, त्यामुळं ऐकू येणं टाळता आलं नाही. तो आईला सांगत होता की चिप बिघडली नव्हती, जोडतानाचा घोळ होता. एकतीसच्या आत होऊन जाते आता. नाही, दुसऱ्याच्या हातून झालं, पण तिनं खरं सांगितलं. हाव, चांगली आहे पोरगी. तिला आणतो एकदा घरी.

मी केबल पुन्हा उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

रविवारी मी त्या पहिल्या चार आकड्यांचा आलेख काढला. झटक्यानं बिघडलेल्या तारा कशा दिसतात, पापुद्र्याच्या दोषाच्या कशा, यावर जेवढं मिळालं तेवढं वाचलं. एका ठिकाणी निलयदादा म्हणतो तसं झाल्याची नोंद होती. भुईच्या पट्टीतून झटका शेजारच्या तारांत गेला होता, दोन तारा गेल्या होत्या. ती नोंद मी चार वेळा वाचली. चार दिवसांपूर्वी मी देवाकडे, ज्याच्यावर माझा फारसा विश्वास नव्हता, मागत होते की माझ्यामुळं झालेलं नसू दे. आता मी उलट मागत होते. माझ्याच हातून झालेलं असू दे. चारही. पूर्ण माझ्याच हातून.

सोमवारी सकाळी मी दहाला पोचले तेव्हा तापमान दोन पूर्णांक चार केल्व्हिनवर स्थिर होतं. मॅडम उभ्याच होत्या, बसल्या नाहीत. काका दाराशी. निलयदादानं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. त्यानं मला वही उघडायला सांगितली आणि तारीख घालायला सांगितली. मी घातली.

"तारीख दोनदा गिरवून राहिली तू," तो हळूच म्हणाला.

"पेन उमटत नाही."

"नवं पेन?" त्यानं बटणावर बोट ठेवलं. "घाबरू नको ग. जे झालं ते झालं. कोणी तुला काही म्हणणार नाही."

मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी बाकीच्या तीन टोप्या..."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. पडद्यावरची नजर त्यानं काढली नाही. "शनिवारीच मोजलं मी. जिना चढताना. पण एकदा पाहू दे."

त्यानं प्रवाह वाढवायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. रेघ शून्यावर सपाट होती. चारला तो थांबला, श्वास सोडला, पुढं गेला. अठरापर्यंत जायचं होतं; पाचच्या पुढं त्यानं वेग आणखी कमी केला. रेघ उडाली. त्यानं प्रवाह शून्यावर आणून पुन्हा वाढवला, आणि रेघ पुन्हा तिथंच उडाली. मग त्यानं केबल बदलून आठ नंबर लावली. मग अकरा. मग चौदा. प्रत्येक तार त्यानं दोनदा मोजली, आणि दर वेळी आकडा मला स्पष्ट, एका सुरात सांगितला, म्हणजे लिहिताना चूक व्हायला नको.

तार सहा, पाच पूर्णांक नऊ मायक्रोअँपिअर. तार आठ, चार पूर्णांक सात. तार अकरा, सहा पूर्णांक दोन. तार चौदा, पाच पूर्णांक एक.